खुलाशाचं पत्र

बँकेचं म्हणणं थोडक्यात असं:
मार्चच्या सतरा तारखेला खात्यात जमा झालेले
अकराशे चाळीस डॉलर
आले कुठून?
आणि दोन वर्षांपूर्वी अकरा महिने
तुम्ही होतात कुठे?
एका परिच्छेदात लिहा. खाली सही.

ऑर्डेल म्हणतो, लिहून टाक ना मार्लिस,
त्यात काय एवढं.
त्याचं बरंय. तो रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा ट्रक चालवतो,
पंचवीस वर्षं एकच नगरपालिका, एकच गॅरेज,
त्याच्या आयुष्याला खुलासा लागत नाही.

मी टेबलाशी बसले.
शाळेच्या भटारखान्यातला एप्रन अंगावर तसाच,
केसांना मॅकरोनीचा वास.
खिडकीबाहेर डुलुथचा एप्रिल:
सरोवरावरचा बर्फ एकदा फुटून गेला होता,
वाऱ्यानं तो परत बंदरात आणून लोटला.

लिहिलं:
अकराशे चाळीस डॉलर पियानोचे.
पियानो आईचा.
त्यातली मधली एक पट्टी दबलेलीच राहायची,
पंचावन्न वर्षं आई तो सूर गाळून वाजवत आली,
अजूनही चर्चमध्ये तो सूर नीट लागला
की मलाच चुकल्यासारखं होतं.
घ्यायला आलेल्या बाईंना मी हे आधीच सांगितलं.
त्यांनी साठ डॉलर कमी केले.

अकरा महिने मी आईच्या खोलीत होते.
पगार नव्हता.
ती मला तिची बहीण समजायची
आणि पुढे पुढे मी
नाही म्हणायचं सोडून दिलं.

परिच्छेद दुसऱ्या पानावर गेला.
सगळं खोडलं. पाठवलं ते एवढंच:
जुन्या सामानाची विक्री, पावती सोबत.
घरगुती कारणामुळे नोकरीत खंड.

तीन दिवसांनी उत्तर. तारीख घालायची राहिली.
तारीख घातली,
तर सहीत मधलं आद्याक्षर नाही.
ते घातलं, तोवर
खात्याचे उतारे साठ दिवसांचे होऊन शिळे झाले.
शिळा पाव दुधात बुडवून खाता तरी येतो.

घोडं कुठे पेंड खातंय
ते फोनवरच्या टॅमरालाही माहीत नाही.
फाइल वर गेलीय, म्हणते.
वर म्हणजे?
वर.
तिच्या मागे एक तान्हं मूल रडत असतं,
मग मीच म्हणते, जा, बघ त्याच्याकडे.
व्याजाचा दर येत्या शुक्रवारपर्यंतच बांधून ठेवलाय.
सुटला की पहिला आमच्याच अंगावर येणार.

आणि तिकडे टेकडीवर सुंडविक.
घर त्यांचं. म्हणजे होतं. म्हणजे, आहे.
शहाऐंशी वर्षांचे,
खोकी बांधून सहा आठवडे झाले,
बाहेर ठेवलीय एक बशी, एक काटा, एक खुर्ची.
दर रविवारी फोन करतात:
फ्रीजर बंद करू का?
मी म्हणते, थांबा अजून थोडं.
मग ते आतला एक मासा काढतात आणि तळून खातात.
गेल्या रविवारी म्हणाले, तीन उरले.

काल फोनची वाट न बघता आम्हीच गेलो.
ऑर्डेलला त्यांनी तळघरात नेऊन भट्टी दाखवली,
अडली तर डावीकडून लाथ घालायची,
फार जोरात नाही.
वर आल्यावर मला विचारलं
(बँकेनं हे कुठल्याच फॉर्मात विचारलं नव्हतं)
या भिंतीशी काय ठेवणार?

पियानो, मी म्हणाले.
तोंडातून निघून गेलं.
ऑर्डेल बुटाची नाडी बांधू लागला,
ती सुटली नव्हती.

सुंडविकनी वितीवीतीनं भिंत मोजली,
कोपऱ्यापर्यंत, सावकाश,
आणि मान हलवली: बसेल.

आज सोमवार.
फ्रीजरमध्ये दोन मासे.