उलटीकडून

बाबल गिरपांच्या हाताखाली मी काळं भरायचो.
केस, छत्री, रात्र,
आणि धोंडू टपालची विजार.
रेषा त्यांची. रेषेच्या आत बुडायचं काम माझं.

साप्ताहिक छापायचं कोल्हापुरात,
वेंगुर्ल्याहून साडेआठची एस्टी.
शाई ओली असली की कंडक्टर आरोलकर
कागद बॉनेटवर पसरायचा,
आणि आंबोली चढेस्तोवर
धोंडू खडखडीत वाळलेला.

त्याआधी ते होड्यांवर नावं रंगवत.
एका नावातल्या वेलांटीने मासा गिळला होता;
तांडेलाने पैसे कापले,
नाव पुसलं नाही मात्र.

पहिली काही वर्षं कुणी हसलं नाही.
शिरोड्याहून एक पत्र आलं:
धोंडू पडतो ते ठीक,
पण पडणार हे आम्हाला पडायच्या आधीच कळतं.
ते पत्र गिरपांनी खिळ्याला टांगलं,
शर्टाखाली.

मग इनास डिसोजा बोटीवरून परतला.
साबण, टॉर्च, भावासाठी बूट,
आणि कोबे बंदरातलं एक जाडं पुस्तक,
नुसती चित्रं, अक्षरं मुंग्यांसारखी.
गिरपांनी डावीकडून उघडलं.
माणूस प्लास्टरमध्ये.
माणूस हवेत.
माणूस जिन्यावर.
शेवटी एक मांजर, पायरीवर, गाढ झोपलेलं.
इनास म्हणाला, "बाबल, उलटा धरलंस."
"थांब रे," गिरप म्हणाले, "माका आता समाजला."

त्या रात्री धोंडू आधी विहिरीत होता.
मग पडत होता.
मग पाकिटं उडत होती.
चौथ्या चौकटीत सकाळ:
इस्त्रीची विजार, बशीत चहा, शीळ.
चौथीत काहीच घडत नाही,
आणि लोक तिथेच फुटले.
शिरोडेकरांनी पुन्हा लिहिलं,
हा छपाईचा दोष असल्यास कृपया दुरुस्त करू नये.

तेवीस वर्षं. अकराशे ब्याण्णव धोंडू.
चार आठवडे घाट बंद होता.

साप्ताहिक बंद झाल्याचं कार्ड
खऱ्या पोस्टमननेच आणून दिलं,
ज्याच्या चालीवरून धोंडू सुचला होता.
त्याला हे कधी कळलं नाही; कळलं असेल तर बोलला नाही.
गिरपांनी आधी सही वाचली,
मग खेद, मग कारणं,
मग सगळ्यात वरचं 'सप्रेम नमस्कार'.
म्हणाले, "शेवट गोड आसा."

आता पुन्हा होड्या.
चार होड्यांच्या मागच्या फळ्यांवर
चार चौकटी रंगवल्यात त्यांनी, कुणालाही न विचारता.
जी आधी येते ती आधी लागते धक्क्याला.
काल चहा पहिला, विहीर शेवटी,
आणि लिलावातल्या बायका टोपल्या टाकून
हळहळल्या.

आज तीनच आहेत.
तिसरीचं इंजिन मालवणात दुरुस्तीला.
धोंडू विहिरीत, धोंडू हवेत,
मग नुसतं पाणी हलतंय,
मग चहा.

गिरप त्या पाण्याकडे बघून एकटेच हसतायत.
माझा हात
उगाच ब्रश शोधतो.