सामाईक भिंत

कपाट सरकवलं तेव्हा दिसली.
तोवर नुसता वास होता,
ओल्या गोणपाटाचा, डब्यात विसरलेल्या पोळीचा,
आणि मी बोल लावत होते निहारच्या मोज्यांना.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत
कुत्री नालीत पोट टेकवून पडलेली,
दोरीवरचा टॉवेल दहा मिनिटांत पापड,
आणि एवढ्या रखरखाटात माझ्या भिंतीला
बुरशी.
आधी हसूच आलं.

काळी-हिरवी, कडेला करडी.
हात लावला तर मखमल,
मग बोटावर भुकटी.

घरमालक तितरमारे उंबऱ्यातूनच म्हणाले,
"काही नाही जी, डिस्टेंपर मारून देतो ना."
मारला. फिका गुलाबी.
एकविसाव्या दिवशी ती गुलाबीतून वर आली,
नुकतीच न्हाल्यासारखी टवटवीत.

निहारच्या शिंका पहाटेच्या.
ओळीनं अकरा. अंथरुणातून मोजायचे मी.
दुपारी छातीत बारीक शिट्टी,
कुकरला लाजवेल अशी नाही, पण शिट्टीच.

आणि माझ्या कोपराच्या आत गोल चट्टा,
कड उठलेली, मध्ये साफ.
मेडिकलवाल्यानं न विचारता ट्यूब दिली,
"सगळ्यावर चालते."
चार दिवस चालली.
पाचव्या दिवशी एकाचे तीन.
डिस्टेंपरच तो, कातडीवरचा.

डॉक्टर कापगतेंनी ट्यूब आधी कचऱ्यात टाकली.
"हा नायटा, भिंतीवरची जात वेगळी.
याला घाम पुरतो.
पोराच्या छातीचं मात्र भिंतीला विचारा.
ओल येते कुठून?"

हे कुणी विचारलंच नव्हतं.
मी, तितरमारेंनी, रंगवणाऱ्या पोरानं,
कुणीच नाही.

गल्लीला वळसा घालून मागच्या दारी गेले.
लांजेवार, वीज मंडळातून निवृत्त, एकटे,
उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट.
त्यांचा कूलर आमच्या भिंतीला चिकटून,
टबला चीर, गवत तीन सालाचं,
काळं, ओथंबलेलं, चिखलासारखं.

"वास नाही येत?"
"मले वासच येत नाही ना बाई. कोरोनात नाक गेलं."
बाही वर केली त्यांनी, मी न सांगता.
गोल चट्टे, पाच-सहा.
"ही एक ट्यूब आहे, सगळ्यावर चालते."

मी माझा कोपर दाखवला.
दोघंही थोडा वेळ काहीच बोललो नाही.
मग ते म्हणाले,
"तुमचं पोट्टं पहाटे शिंकते ना.
मोजतो मी. अकरा."

कूलर ओढला दोघांनी, खिडकीकडे.
गवत गच्चीवर फेकलं. दुपारपर्यंत
त्या उन्हानं, ज्याला मी रोज शिव्या घालते,
त्याचं सरपण करून टाकलं.

भिंत अजून ओलीच आहे.
मुखवटा लावून खरवडते, थोडी थोडी, निहार शाळेत असताना.
कपाट हातभर पुढे, खोली तेवढी लहान.

आज पहाटे सात.
पलीकडून भिंतीवर एक टिचकी.
त्यांनाही सातच ऐकू आल्या असाव्यात.