लिफाफा क्रमांक एकोणचाळीस

माझ्या टेबलाच्या खणात साठ लिफाफे होते,
खाकी, चिकटवलेले,
उजेडात धरले तरी आतलं दिसू नये असे.
अर्ध्यांत लिहिलेलं: नळी आणि औषध.
अर्ध्यांत: दुर्बीण.
कुठल्यात काय, मलाही ठाऊक नव्हतं.
ते ठाऊक नसण्याचाच मला पगार होता.

मुक्ता धोत्रे, वय सहा, जनता वसाहत.
न्यूमोनिया सरला, ताप राहिला.
उजव्या फुफ्फुसाबाहेर पू,
आणि सोनोग्राफीत त्या पुवात जाळ्या,
कोळ्याने घाईत विणल्यासारख्या.
ती दुखऱ्या कुशीवरच निजायची
आणि कुणी हसवलं तर रागवायची.

मी संमतीची चार पानं वाचून दाखवली.
बरगड्यांमधून नळी घालायची, तिच्यातून औषध सोडायचं,
जाळ्या विरघळल्या तर पू आपसूक येईल,
नाही विरघळल्या तर भूल, टेबल, सगळं पुढे आहेच.
किंवा पहिल्यालाच तीन भोकं पाडून
कॅमेऱ्यातून बघत बघत खरवडून काढायचं.
दोन्ही चालतं. दोन्हींनी मुलं घरी जातात.

आई म्हणाली, "तुमची असती तर?"
हा प्रश्न चार पानांत नव्हता.
"मला खरंच माहीत नाही," मी म्हटलं.
मंडईत पारड्याखाली बघावं
तसं तिने माझ्याकडे बघितलं.

बाप भिंतीपासून हातभर लांब उभा.
महापालिकेचं ड्रेनेज खातं, सोळा वर्षं.
हात धुऊन आलोय, म्हणाला, दोनदा,
कुणी विचारलेलं नसताना.
मग म्हणाला, "आमच्यात पण असंच असतं, मॅडम.
लाइन तुंबली की आधी कामट्या घालायच्या, प्रेशरचं पाणी मारायचं.
सुटली तर सुटली. नाहीतर रस्ता फोडायचा.
दांडेकर पुलापाशी एकदा तीन दिवस कामट्याच घालत बसलो,
साहेब खोदू देईना.
शेवटी खोदलं, तर आत अख्खी गोधडी."
"आणि उगाच खोदलं, असं?"
"कितीदा. आत बघावं तर ओंजळभर गाळ."
"मग ठरवता कसं?"
तो बराच वेळ बोलला नाही.
"पहिल्या दिवशी कुणालाच कळत नाही.
दुसऱ्या दिवशी सगळेच शहाणे."

आईने सही केली, सावकाश, काना-मात्रा सांभाळून.
मी लिफाफा फाडला.
नळी आणि औषध.

मग खाटेखालची बाटली.
श्वासासरशी नळीत वर-खाली होणारं पाणी.
सिस्टर यायच्या आधीच आई
काचेवर बॉलपेनने खूण करून ठेवायची.
पहिल्या दिवशी पिठल्यासारखं, दोनशे ऐंशी.
दुसऱ्या दिवशी पातळ, लालसर, तीनशे दहा.
तिसऱ्या दिवशी जेमतेम चाळीस,
आणि ताप एकशे तीन.
त्या दिवशी बाप जिन्यात बसून होता.
मी लिफ्टने गेले.

शेजारच्या खाटेवर अयान तांबोळी.
लिफाफा अडतीस, दुर्बीण.
पाचव्या दिवशी नवी टोपी घालून घरी निघाला.
मुक्ताच्या आईने टोपीकडे पाहिलं,
मग माझ्या हातातल्या फायलीकडे.
काही म्हणाली नाही.
म्हणाली असती तर बरं झालं असतं.

नवव्या रात्री मुक्ताचा ताप उतरला.
कशाने, ते नेमकं सांगता येत नाही.
औषधाने, बदललेल्या इंजेक्शनने,
की नुसत्या दिवसांनी.
सकाळी तिने फुंकायच्या यंत्रातले
तीनही गोळे वर नेले
आणि खाली पडू देईना.

आता तक्त्यात तिची एक ओळ आहे.
गट अ. मुक्काम बारा दिवस. शस्त्रक्रिया नाही.
त्या जाळ्यांना रकाना नाही, बॉलपेनच्या खुणांनाही.

तीन महिन्यांनी फोन केला.
धाप लागते का? पळते का?
"थांबा," बाप म्हणाला, आणि फोन दाराबाहेर धरला.
चढावर पोरांचा कल्ला, एक कुत्रं, कुणाची तरी शिटी.
त्यात तिचा आवाज कुठला, मला ओळखता आला नाही.
मी लिहिलं: पळते.
खणात अजून नऊ लिफाफे होते.