उचलणाऱ्यांचं घराणं

डॅलसच्या विमानतळावर पहाटे चारला
पट्ट्यावरून तिची बॅग आली.
निळी, एक चाक मोडलेलं,
मुठीला आईनं बांधलेली लाल चिंधी.
मी बाबांच्याच जागी उभा, बाबांच्याच हातमोज्यांत.
उचलली. गाडीवर ठेवली.
बहीण आत कुठेतरी रांगेत होती, अजून भेटली नव्हती.

आमचं घराणं उचलणाऱ्यांचं.
पणजोबा टोंगाच्या धक्क्यावर सुक्या खोबऱ्याची पोती उचलायचे.
आई रात्रपाळीला परक्या म्हाताऱ्या उचलते,
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर,
घरी येते तेव्हा तिच्या अंगाला त्यांच्या पावडरीचा वास.
बाबांनी सव्वीस वर्षं जगाचं सामान उचललं
आणि स्वतः विमानात बसले तीनदा.

टेक्सासात शुक्रवारची रात्र फुटबॉलची.
मुलगे हेल्मेट घालणार, मुली बँडमध्ये.
टोआकासेच्या खांद्यांवर बँडचा कोट
पहिल्याच दिवशी उसवला.
भूगोलाचे ओबरहोल्टझर सर तेवढे म्हणाले,
असाही एक खेळ आहे, पोरी,
जिथे हे खांदे लागतात.
चर्चमागच्या गाड्यांच्या तळावर, निम्मी हवा गेलेला चेंडू,
सात मुली आणि एक कुत्रा.

मी तेव्हा फुटबॉलच्या संघात होतो. बाकावर.
दोन हंगाम बाकावर, मग तेही नाही.
त्या आठवड्यात मी तिचे बूट लपवले होते, वॉशिंग मशीनमागे.
हे तिला अजून माहीत नाही.
ती अनवाणी खेळून आली आणि कुणालाच काही बोलली नाही.

कारकीर्द म्हणाल तर अर्ध्या पानाची:
प्रॉप. आधी डावी, मग उजवी.
देशासाठी एकोणीस सामने, बारा बदली म्हणून.
एक ट्राय, अंगावर सहा जणी असताना,
तो फक्त पंचाला दिसला.
गुडघा दोनदा. कान कायमचा.
पहिल्या वर्षीचं मानधन बुटांची एक जोडी,
म्हणून दुपारी सराव आणि रात्री गोदामात खोकी.
खोकीसुद्धा उचलायचीच.

पहिल्या सामन्याला बाबांनी
विमानतळाच्या जाकिटावर कमरेला चटई गुंडाळली,
लग्नाला आणि मयताला गुंडाळतात ती, त्यांच्या वडिलांची.
वारा असा की चटईच्या कडा फडफडत होत्या.
दोन्ही राष्ट्रगीतांना उभे राहिले, एकही पाठ नव्हतं,
ओठ मात्र हलत होते.
नंतर विचारलं तर म्हणाले,
स्तोत्र म्हणत होतो, चाल कुठेतरी जुळली.

लाइनआउटला ती सोल्वेगला उचलायची,
मिनेसोटाची, ताडासारखी.
पेपरात फोटो आला: आकाशात सोल्वेग,
बोटांवर चेंडू, चेहऱ्यावर ऊन.
खाली, चौकटीच्या काठावर, मांडीला धरलेले
दोन पंजे फक्त.
आईनं तो फ्रिजवर लावला.
कुणी आलं की पंज्यांवर बोट ठेवते
आणि नाव सांगते, पूर्ण नाव, आडनावासकट.

मग बाबांची पाठ गेली.
एक दिवस टबातून उठताच येईना.
मी काखेत हात घालून ओढत होतो, ते कण्हत होते.
ती आली, अजून दाराशी बॅग तशीच,
मला ढकलून पलीकडच्या बाजूला उभं केलं.
वाक. पाठ नाही, मांड्या वापर.
गुडघ्याच्या वर धर. घट्ट. अजून घट्ट.
तोंडातल्या तोंडात काही आकडे म्हणाली,
त्यांच्या संघाचे गुप्त आकडे, मला न कळणारे,
आणि मग: आत्ता.

बाबा वर गेले.
साबणाचं पाणी निथळत, इतके हलके
की मी एक क्षण घाबरलो.
छताजवळ त्यांनी दोन्ही हात उंचावले,
पंजे उघडे, नजर वर,
आम्ही दोघं खाली, श्वास धरून.

"हुकला," बाबा म्हणाले.