आडगेरीची नोंदवही

निपाणीहून वेदगंगेच्या कडेकडेनं गेलं
की नकाशात नसलेली आडगेरी लागते.
चावडीसमोरच्या शिळेवर एकच ओळ कोरलेली:
ज्याचं लिंग, त्याचाच हात.

ज्याला तो म्हणायचं, त्याला पुरुषांनी शिवायचं,
जिला ती म्हणायचं, तिला बायकांनी,
आणि ते सगळं बारा वर्षांखालच्या पोरांचं.

म्हणजे चूल आईची, विस्तव बाबांचा.
भाकरी तिनं थापायची, तवा त्यांनी धरायचा.
पाणी पोरांनी ओतल्याशिवाय घोटभर मिळायचं नाही,
भर उन्हात म्हातारी माणसं
शाळा सुटायची वाट बघत बसायची.
प्रेम, तेही ते.
बारा पुरी झाली की त्याला कुणी हात लावत नसे.

सायकल आली तेव्हा बायका खूष झाल्या.
पण ब्रेक पुरुषाचा निघाला.
तवंदीच्या उतारावर
नवरे शेजारून धावत यायचे, धापा टाकत.

तंबाखूवर सभा सात दिवस बसली.
तो का ती, ठरेना.
शेवटी निकाल झाला: शेतात तो, विडीत ती.
विकला की पैसा तो. वळली की मजुरी ती.
ह्यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं.

माझे बाबा, भरमाण्णा लिंगपारखी.
नवी वस्तू वेशीत आली की आधी त्यांच्यापुढे.
डोळे मिटून तिचं नाव उच्चारायचे,
जीभ कुठं वळते बघायचे, मग सांगायचे.
लिहायचं काम माझं,
शाई ती, लेखणी ती, म्हणून.
कागद त्यांनी दोन्ही हातांनी ताणून धरायचा.

दिव्याला तीन माणसं लागत.
दिवा तो, वात ती, तेल ते.
सोनाक्काच्या घरात एकटी सोनाक्का.
नवरा गेलेला, मूल झालं नव्हतं.
अकरा वर्षं ती वाती वळायची
आणि कोनाड्यात रचून ठेवायची.
अंधारात.

मग एका अमावास्येला तिच्या खिडकीत उजेड दिसला.

सभा उठून तिच्याकडे गेली.
पोरं पुढं घातलेली,
दार ते, कुणीतरी उघडायला हवं.

सोनाक्का घाबरली नाही. म्हणाली,
ओढ्यापलीकडची कल्लव्वा येते मेथी घेऊन.
तिला विचारलं, तुमच्यात दिवा कोण?
म्हणाली, अदु.
वात? अदु. तेल? अदु.
डोंगर, नदी, घर, पाट्यावरचा वरवंटा,
सगळंच अदु.
मग मीपण अदु म्हटलं आणि उचललं.

सभा खवळली.
ओढ्यापलीकडचं इथं चालायचं नाही.
आपल्या भाषेत सांग, दिवा कोण लावतं?

"कोण म्हंजे? मीच लावतो की.
रोज लावतो.
एकटीच ऱ्हातो, मग कोण येणार हाय?"

बाबांनी डोळे मिटले.
जीभ हलवून पाहिली.
लावतो.
कर्ता पुल्लिंगी.
कायद्यात कुठंच बसत नव्हतं असं काही नव्हतं.

आणि मग मला ऐकू आलं
आईचं सकाळचं, "येतो गं मी नदीवरनं",
विड्यांच्या सुपावर वाकलेल्या शेजारणींचं, "दमलो बाई मी",
पोरी, म्हाताऱ्या, सगळ्यांचं
येतो, जातो, करतो.
जन्मापासून असंच बोलत होतो आम्ही.
चावडीपर्यंत ते पोचलं नव्हतं इतकंच.
चावडी ती,
तरी तिथं बायकांना कुणी बोलावत नसे.

बाबा हळू म्हणाले, हे लिहू नको.
पण कागद त्यांनी सोडला नव्हता.
हात थरथरत होते, तरी ताणूनच धरला होता.
मी लिहिलं, कानावर पडलं तसंच:
मीच लावतो की.

सभा उजाडेपर्यंत दारात उभी.
दिवा कुणी विझवायचा
हे शिळेवर कोरायचं राहून गेलं होतं.