गळती

सेक्रेटरी विचारतात, पाणी येतं कुठून?
मी टॉर्च मारतो. बी विंग, तळघर दोन,
एकोणीस आणि वीस नंबरच्या खांबांमध्ये
फरशीला घाम फुटलाय.
बोट टेकवतो, जिभेला लावतो.
खारट.

ही जागा मला माहीत आहे.
गुड लेंग्थ. खाडीकडच्या टोकाला,
ऑफ स्टंपच्या जरा बाहेर.

कोलशेतला हार्डविक डाइजचं ग्राउंड म्हणायचे,
त्याआधी नुसतं मिठागर.
पदू भोईरचा बाप इथेच मीठ ओढायचा.
कंपनीनं राख टाकली, वर लाल माती,
आणि पदूला म्हणाली, यातून आता पिच काढ.
त्यानं काढली. तिथी बघून.
उधाणाच्या दिवशी मीठ वर यायचं,
मग अकराशिवाय टॉस नाही.
मुंबईहून आलेले कप्तान घड्याळ दाखवायचे,
पदू खाडीकडे बोट दाखवायचा.

मी फळ्यावर पत्र्याचे आकडे टांगायचो,
वय अकरा, दिवसाचे दोन रुपये आणि उसळपाव.
इंग्रजी आकडे. नऊ एकच होता,
दुसरा लागला की सहा उलटा करायचा.
अठ्ठ्याहत्तरची फायनल.
एलायस घोन्सालविस, रंगखात्यातला हेल्पर,
नखं कायम निळी,
नव्याण्णववर.
खाडीचा वारा आला आणि माझा नऊ
एका खिळ्यावर गरकन फिरून
मुळावर गेला.
एलायसनं फळा पाहिला. शहाण्णव.
चार हवेत, असं समजून त्यानं उचलून मारला,
आणि सीमारेषेवर कुणीतरी शांतपणे हात पुढे केले.

मी शिडीवर, दुसरा खिळा माझ्या तोंडात.

मॅच आम्ही जिंकलो, ते आता कुणाला आठवत नाही.
संध्याकाळी स्कोअरबुक बघून तो बराच वेळ गप्प राहिला,
मग माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला,
अरे, एकच पायजे होता काय!
आणि हसला. ते हसणं मी अजून
कुठे ठेवावं मला कळत नाही.

मग संप. मग टाळं.
पगार बंद झाल्यावरही आठ महिने
पदू रोज येऊन पिचवर पाणी मारायचा.
गेटवाला विचारायचा, कुणासाठी?
पदू म्हणायचा, भेगा पडतील ना.
नंतर लग्नांचे मांडव. खुंट्या नेमक्या लेंग्थवर.
एकदा सर्कसचा उंट दोन दिवस
मिडविकेटला बांधलेला.
मग चारी बाजूंनी निळे पत्रे लागले,
आणि एका सकाळी आत खड्डा होता.
रोलर कुणालाच हलेना,
तो तसाच खाली पुरला म्हणतात.
वर तेवीस मजले. नाव पॅव्हेलियन हाइट्स.

सेक्रेटरी म्हणतात, मागच्या माणसानं
दोनदा केमिकल भरलं, फुकट गेलं.
तुम्ही किती वर्षांची गॅरंटी देता?

मी मोबाइलवर तिथी बघतो. आज पुनव.
म्हटलं, अकरापर्यंत थांबा, आपोआप ओसरेल.

त्यांनी घड्याळ दाखवलं.
मी खाडीकडे बोट दाखवलं.
तिकडे भिंत होती,
आणि भिंतीवर कुणाच्या तरी गाडीचा नंबर.