जांभ्यावरचं बोटभर पाणी

मी प्रयोगशाळेतला. बाटल्या धुणारा.
साताऱ्यातल्या कॉलेजात सव्वीस वर्षं.
लेबलंही मीच लिहायचो:
कास, एकीवच्या वाटेवरचा खळगा, परातीएवढा.
खोली, बोटाचं एक पेर.

मेढेकर मॅडम कातळावर उकिडव्या बसायच्या,
गुडघे कुरकुरत असायचे, तरी.
तारेची चौकट टाकायच्या, फूट बाय फूट,
आणि म्हणायच्या, मोजा.

गेंद चव्वेचाळीस.
वायतुरा दोन, एक म्हशीनं खाल्लेला.
सीतेची आसवं...
इथे माझी मोजणी हटकून चुकायची.
प्रत्येक निळ्या टिपाखाली, पाण्यात,
खसखशीएवढ्या पिशव्या दार लावून बसलेल्या.
पाणपिसूचा धक्का लागला
की दार आत उघडतं, आणि मिटतं
पापणी लवायच्या कितीतरी आधी.
नाव सीतेचं, आणि पोट हे असं.

"माती काही देतच नाही, मग काय करतील?"
दवबिंदूच्या पानावर चिकटलेल्या चिलटाकडे बघत
मॅडम म्हणायच्या, जणू वर्गातल्या
एखाद्या द्वाड मुलाची बाजू घेताहेत.

एका वर्षी त्या लांब उत्तरेला जाऊन आल्या,
जिथे जूनमध्येही स्वेटर लागतो.
काड्यापेटीत कापूस, कापसात तपकिरी ढेकूळ.
पीट, म्हणाल्या. कुजायचं विसरलेलं शेवाळ.
वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर चढतं.
तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं, आंबट,
आणि काठाला आपल्या दवबिंदूची बहीण,
तेच लाल केस, तोच खोटा मध.
त्यात बुडालेला माणूस म्हणे
दोन हजार वर्षांनीही दाढीसकट सापडतो.

मी हुंगलं. ओल्या गोणपाटाचा वास.
आमच्यात नाही असलं, मनात आलं.
आमचा जांभा काही ठेवत नाही.
दिवाळी सरली की वारा येतो
आणि सडा झाडून नेतो.

हेच मी ठकूबाई झोऱ्यांना बोललो,
मे महिन्यात, ऐन चटक्यात.
त्यांच्या म्हशी सावली शोधत होत्या.
"ठेवत न्हाय कसा?"
खळग्याच्या तळाची चिमूटभर धूळ
त्यांनी माझ्या हातरुमालात बांधली.
"पानी घाल. मग सांग मला."

मी ड्रॉवरमध्ये टाकली.
तिथेच सूक्ष्मदर्शकाचा फुटका आरसा,
गंजल्या पिना, कुणाचा तरी परीक्षा क्रमांक.
मॅडम निवृत्त झाल्या, मुलाकडे गेल्या.
ठकूबाई गेल्या ते मला
एकीवच्या दूधगाडीवाल्याकडून कळलं,
तेही चार महिन्यांनी.

परवा ड्रॉवर रिकामा करायचा हुकूम निघाला.
रुमाल सोडला. नऊ वर्षांची धूळ,
तपकिरीएवढी.
पावसाला अवकाश होता,
म्हणून प्राचार्यांच्या एसीचं गळणारं पाणी
बशीत घेतलं, आणि ती त्यात सोडली.

पहिल्या दिवशी गढूळ. दुसऱ्या दिवशी गाळ खाली.
तिसऱ्या दिवशी मी बघितलंच नाही, मार्च अखेर होती.
पाचव्या दिवशी भिंगाखाली
काहीतरी उताणं पोहत होतं.
केसाच्या तुकड्याएवढी कोळंबी,
आरपार दिसणारी, पाठ खाली,
बावीस पायांची वल्ही आभाळाकडे,
म्हणजे ट्यूबलाइटकडे.
एक. मग दोन. मग मी मोजायला घेतलं
आणि चुकलो.

कुणाला सांगू?
ज्यांनी सांग म्हटलं होतं त्यांचा फोन
कधी नव्हताच.

बशी खिडकीत ठेवली आहे.
आठ-पंधरा दिवस जगतील, अंडी टाकतील,
मग पाणी आटेल. मी भर घालणार नाही.
आटायलाच हवं.

शेवटचं लेबल लिहून चिकटवलं आहे,
माझ्या नंतर येणाऱ्या पोराला कळावं म्हणून,
मोठ्या अक्षरात:
घाण दिसली तरी
ही बशी धुऊ नये.